चौकोन, कंगवे आणि मुंग्या: जुन्या मारधाडीच्या पिक्चरचं चित्र खराब दिसत असेल तर काय तपासावं

आधी लक्षणं. तुमच्याकडे यातलं काय होतंय ते बघून घ्या.

हाणामारी सुरू झाली की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि ती थांबली की पुन्हा जुळतात. कुणी धावलं की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. लाल शर्टाचा रंग शर्टाबाहेर ओघळतो. नामावलीच्या अक्षरांभोवती मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात. चित्र आपोआप उजळतं, काळवंडतं, पुन्हा उजळतं. चेहरे मेणाचे वाटतात. रात्रीचा प्रसंग म्हणजे नुसता राखाडी चिखल. कॅसेट असेल तर पांढऱ्या कणांचा आडवा पट्टा आणि वरचा भाग एका बाजूला वाकलेला. आवाज किंचित चढा, ओळखीचा नट अनोळखी वाटावा इतका. आणि मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: पिक्चर पाच-सहा मिनिटं कापलाय.

मी सोलापुरात नव्या पेठेत व्हिडिओ लायब्ररी चालवली. पुढे ती बंद केली आणि व्हीसीआर, व्हीसीडी-डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करत राहिलो. माझ्याकडे सर्वांत जास्त फिरलेल्या कॅसेटी मोठ्या खर्चाच्या सिनेमांच्या नव्हत्या. नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्तींनी उटीला मुक्काम हलवला आणि तिथे थोड्या पैशांत, झपाट्यानं मारधाडीचे पिक्चर निघू लागले. त्या धाटणीच्या कॅसेटी शनिवारी सकाळीच बाहेर पडायच्या. यंत्रमागाची पाळी सुटली की पोरं सायकल लावून दारात उभी. गणपतीत मंडळं भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर न्यायची, पहाटेपर्यंत एकामागून एक पिक्चर चालायचे. ती पोरं आता पन्नाशीला आली. त्यांच्या मुलांनाही हे संवाद पाठ आहेत. तीच येऊन म्हणतात, "अण्णा, लहानपणी हाच पिक्चर किती भारी दिसायचा. आता बघवत नाही. स्वस्तातला होता म्हणून असंल."

तसं नसतं. पिक्चर स्वस्तातला असला तरी त्या काळी तो बहुतेक वेळा ३५ मिलिमीटर फिल्मवरच चित्रित व्हायचा, सेकंदाला २४ चौकटी, मोठ्या सिनेमांसारखाच. पैसा कमी असल्याचं सेटवर दिसतं, दिव्यांत दिसतं, एकाच जीपचा अपघात दोनदा वापरण्यात दिसतं. पण फिल्मवर चौकोनी ठोकळे नसतात, कंगवे नसतात, मुंग्या नसतात. हे तिन्ही नंतर आलेत, आणि त्यातले बरेचसे घरच्या घरी काढता येतात.

दोष सिनेमात, यंत्रात की टीव्हीत?

याला पैसे लागत नाहीत. तीच डिस्क शेजारच्या टीव्हीवर, त्यांच्या प्लेअरवर लावा. मग तुमच्याच टीव्हीवर त्याच प्लेअरनं एखादी दुसरी डिस्क लावा. दुसरी डिस्क नीट दिसली तर प्लेअर, वायर आणि टीव्ही तिघेही सुटले, दोष डिस्कमध्ये. दुसरीही तशीच खराब दिसली तर डिस्कला हात लावू नका.

एवढं न करता लोक थेट खरेदीला जातात. विजापूर रोडवरच्या एका काकांनी एकाच पिक्चरपायी दोन प्लेअर बदलले होते. घरातल्या बाकीच्या डिस्क स्वच्छ दिसत होत्या, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

पिक्चर मोबाईलवरून किंवा यूट्यूबवरून टीव्हीवर टाकत असाल तर आधी गुणवत्तेची निवड बघा. ती 'ऑटो'वर असेल आणि संध्याकाळी नेट मंद असेल तर चित्र मुकाट्यानं २४०वर उतरतं. हातानं वरची निवड करून बघा. वर '१०८०' लिहिलेलं असूनही चेहरे मेणाचेच राहिले, तर कुणीतरी छोटी प्रत ताणून मोठी केलेली आहे. तिथे तुमच्या हातात काही नाही, दुसरी प्रत शोधायची.

टीव्हीची सेटिंग

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

नवा टीव्ही बहुधा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर असतो. ती सेटिंग दुकानातल्या झगझगीत उजेडात उठून दिसण्यासाठी आहे. 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' निवडा. मग शार्पनेस बघा. शार्पनेस वाढवला की तपशील वाढतो असा समज आहे. टीव्ही प्रत्यक्षात प्रत्येक कडेला एक पांढरी आणि एक काळी रेघ ओढतो. डिस्कवरचे ठोकळे हीसुद्धा त्याला कडाच वाटतात, म्हणून तो त्यांनाही कोरून काढतो. शार्पनेस शून्यापर्यंत नेऊन मग थोडाच वर आणा.

'नॉइज रिडक्शन' बंद करा. जुन्या फिल्मला रवा असतो, बारीक हलते कण. टीव्हीला ती घाण वाटते आणि ती पुसताना तो चेहऱ्यावरचा घाम, दाढीचे खुंट, कपाळावरच्या आठ्याही पुसतो. मेणाचे चेहरे इथूनच येतात. मारधाडीच्या पिक्चरमधला खलनायक घाम आणि आठ्यांवरच उभा असतो, तेच गेल्यावर काय उरणार?

हालचाल गुळगुळीत करणारी सोय सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस', सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन' या नावानं असते. ती बंद करा. दोन चौकटींच्या मधली चौकट टीव्ही मनानं तयार करतो. चालण्याबोलण्यात ते खपून जातं. ठोसा, उडी, फुटणारी काच यात त्याचा अंदाज चुकतो आणि हाताभोवती धूसर वलय उमटतं.

आता चित्राचा आकार. जीपचं चाक गोल दिसतंय का बघा. मारधाडीच्या पिक्चरमध्ये चाकांना तोटा नाही. चाक अंडाकृती असेल तर ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं गेलंय, म्हणजे सगळं एक तृतीयांशानं रुंद झालंय. टीव्हीत '४:३' निवडा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरला नाही म्हणून पैसे वाया गेले असं वाटणारी माणसं मी रोज बघतो. पण ताणलेल्या चित्रात नायक बुटका होतो, आणि ज्याच्या उंचीवर भाळून आपण पिक्चर बघत होतो तोच माणूस हातचा जातो. चारही बाजूंना काळं आणि मधे छोटं चित्र दिसत असेल तर मात्र 'झूम' वापरा.

वायर

पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकांची वायर असेल तर सगळं चित्र एकट्या पिवळ्या वायरीतून येतं. उजेड आणि रंग दोन्ही त्यातच मिसळलेले. टीव्ही ते पुन्हा वेगळे करतो, आणि ते पूर्ण वेगळे होत नाहीत म्हणून कडेच्या मुंग्या आणि ओघळणारा लाल. प्लेअरच्या मागे हिरवी-निळी-लाल अशी तीन भोकं असतील तर ती कंपोनंट वायर घ्या. एचडीएमआय असेल तर आणखी उत्तम. फार महागाचं काम नाही, आणि डीव्हीडीच्या बाबतीत पैशापैशाचा फरक दिसतो. कंपोनंट लावल्यावर चित्र काळंपांढरं किंवा हिरवंगार आलं तर घाबरू नका. प्लेअरच्या मेन्यूत जाऊन व्हिडिओ आउटपुट 'कंपोनंट' करायचं राहिलंय, एवढंच.

बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांऐवजी एकच बारीक भोक असतं आणि सोबत छोटी जोडवायर येते. ती टीव्हीबरोबर आलेलीच वापरा. बाजारातली दुसरी त्याच भोकात बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग चित्र येत नाही किंवा आवाजात घरघर येते.

चित्र उजळतं-काळवंडतं ते बहुतेक वेळा असं होतं: डीव्हीडी प्लेअरची वायर आधी व्हीसीआरमध्ये आणि तिथून टीव्हीत. विकतच्या बऱ्याच डिस्क आणि कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन नावाची नक्कलबंदी असते. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत ती खोटे झटके पाठवते, त्यानं व्हीसीआरचं उजेड सांभाळणारं सर्किट गोंधळतं. प्लेअर थेट टीव्हीला जोडा, त्रास जागेवर थांबेल. एक गडद आडवा पट्टा सावकाश वर सरकत असेल तर टीव्हीला लावलेली केबलची वायर काढून बघा. पट्टा गेला तर दोष अर्थिंगचा. तो वायरमन बघेल, प्लेअर उघडू नका.

डिस्कमध्ये मुळात किती चित्र आहे

इथे थोडं थांबतो, कारण इथल्या आकड्यांशी भांडून उपयोग नाही.

व्हीसीडीवरचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण एक लाख ठिपके. फुल एचडी टीव्हीला वीस लाखांवर ठिपके, फोर-के टीव्हीला जवळपास ८३ लाख. व्हीसीडीतला एक ठिपका फोर-के पडद्यावर सुमारे ८२ ठिपक्यांवर पसरतो. त्यात पिक्चर सिनेमास्कोप असेल आणि वरखाली काळ्या पट्ट्या असतील, तर २८८ ओळींतल्या १६३च खऱ्या चित्राच्या. लहानपणी हे खुपलं नाही, कारण टीव्ही २१ इंची होता आणि आपण आठ-दहा फुटांवर, गल्लीतल्या वीस जणांच्या मागे बसलो होतो. व्हीसीडीच असेल तर ती छोट्या पडद्यावर बघा किंवा मागे सरकून बसा. हा उपाय मी मनापासून सांगतोय, फरक लगेच दिसतो.

डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, व्हीसीडीच्या चौपट. पण वेष्टनावर डीव्हीडी लिहिलं म्हणून आत डीव्हीडीएवढं चित्र असेलच असं नाही. 'थ्री इन वन' डिस्कचा हिशोब करू. एकाच थराच्या डिस्कची जागा ४.७ जीबी. १४० मिनिटांचा एकच पिक्चर भरला तर सेकंदाला सुमारे साडेचार मेगाबिट मिळतात. तेवढेच तीन पिक्चर भरले तर प्रत्येकाला दीड. व्हीसीडीला चित्र आणि आवाज मिळून १.३७ मेगाबिट असतात. म्हणजे तीन पिक्चरची डीव्हीडी घेतली तर व्हीसीडीएवढंच पीठ, आणि त्यात चौपट मोठी भाकरी थापायची. हाणामारीत सगळं चित्र एकदम बदलतं, तेव्हा पीठ कमी पडतं आणि चौकोन दिसतात. संवादाच्या प्रसंगात फारसं काही हलत नाही, म्हणून तिथे चित्र बरं वाटतं. हाणामारीतच तुकडे पडत असतील तर प्लेअर निर्दोष आहे, दोष भरणीचा.

२००७ साली डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा डीव्हीडी सहा रुपयांनीच महाग होती. तरी सवयीनं किंवा घरातल्या जुन्या प्लेअरमुळे कित्येकांनी व्हीसीडीच घेतली. तुमच्या कपाटात व्हीसीडी असेल तर त्याच पिक्चरची एकट्याची डीव्हीडी जुन्या बाजारात शोधा. कुठलीही सेटिंग बदलून जे मिळणार नाही ते तिथे मिळेल. आणि दोन तासांवरचा पिक्चर एकाच व्हीसीडीत आला असेल तर संशय घ्या. व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटंच मावतात.

डिस्क पुसणं

चित्र ठराविक जागी अडकत असेल तरच. मऊ, धुतलेलं सुती कापड, थोडं पाणी, आणि मधून बाहेर सरळ पुसायचं, कडेकडेनं गोल फिरवायचं नाही. माहिती गोल फिरत जाणाऱ्या वाटेवर लिहिलेली असते. आडवा ओरखडा त्या वाटेला क्षणभर छेदतो, प्लेअर तेवढं भरून काढतो. वाटेच्या बाजूनं गोल ओरखडा पडला तर सलग मोठा मजकूर जातो, तो भरून निघत नाही. थिनर, पेट्रोल लावू नका.

सीडीची लिहिलेली बाजूच जास्त जपायची असते. माहितीचा थर तिथे नावाच्या छपाईखाली लगेच असतो. तिथला ओरखडा म्हणजे माहितीच खरवडली गेली, ती पुन्हा येत नाही. उजेडासमोर धरा, सुईएवढी भोकं दिसली तर तो भाग गेला. डीव्हीडीत तोच थर दोन पातळ चकत्यांच्या मधे दाबलेला असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

प्लेअर डीव्हीडी लावतो पण व्हीसीडी घेत नाही, किंवा उलट, असंही होतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो, आणि एक थकला तरी दुसरा चालू राहतो. आधी लेन्स पुसून बघायला हरकत नाही. प्लग काढून, झाकण उघडून, मऊ काडीला नुसतं ओलसर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून अलगद. दाबू नका, लेन्स तारांवर तरंगत असते. उघड्या प्लेअरला वीज देऊन आत डोकावू नका. लेझरनं डोळ्याला इजा होऊ शकते, आणि सीडीचा तर नीट दिसतही नाही. पुसून फरक पडला नाही तर पुढे जाऊ नका, तो भाग बदलावा लागतो.

कंगवे, चढा आवाज आणि 'कापलेला' पिक्चर

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी दोन खेपांत काढतात. आधी एक सोडून एक अशा २८८, मग उरलेल्या फटींत दुसऱ्या २८८. चादर विणताना एक आड एक धागा घालून निम्मी विणावी आणि मग मधल्या जागा भराव्यात, तसं काहीसं. दोन खेपांच्या मधे माणूस हलला, किंवा डिस्क बनवताना खेपांची जोडी चुकली, की कडेला दात दिसतात. प्लेअरच्या मेन्यूत 'प्रोग्रेसिव्ह' चालू करा. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरात 'डीइंटरलेस' चालू करून 'बॉब' किंवा 'याडिफ टू-एक्स' निवडा. पण कुणी दात असलेलं चित्र लहान-मोठं करून फाईल बनवली असेल तर ते त्यात शिजून गेलेत, निघत नाहीत. व्हीसीडीत एका चौकटीला २८८च ओळी असतात, म्हणून दोन खेपांचा प्रश्न तिथे येत नाही. तिथेही दात दिसले तर ते भरणीच्या आधीच चित्रात आलेत.

चित्र काळंपांढरं होऊन वरखाली पळत असेल तर प्लेअरच्या मेन्यूत टीव्ही प्रकार 'ऑटो' किंवा 'मल्टी' करा. भारतीय पिक्चरच्या बऱ्याच डीव्हीडी परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी एनटीएससी या अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीच्या निघाल्या आहेत, आणि प्लेअर पालवर अडकून बसलेला असतो.

आता कापलेल्या पिक्चरबद्दल. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची, पाल २५ची. बहुतेक वेळा फिल्म सरळ थोडी जोरात पळवतात. त्यामुळे पिक्चर चार टक्क्यांनी लवकर संपतो आणि आवाज किंचित चढतो. १४० मिनिटांचा पिक्चर साडे-१३४ मिनिटांत उरकतो. ती पाच-सहा मिनिटं कुणी चोरलेली नाहीत.

खरंच कापलाय का हे बघायची माझी रीत सांगतो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं तिथे पॉज करा. सिनेमाच्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पळते. ३८४० मीटर असेल तर भागाकार १४०. पाल प्रत असेल तर त्याला २४नं गुणून २५नं भागा. त्याहून दोन-तीन मिनिटं कमी भरली तर रिळांचे सांधे तुटलेले असतील, तेवढं चालतं. दहा-पंधरा मिनिटं कमी असतील तर पिक्चर खरोखर कापलाय, आणि दुसऱ्या कंपनीची प्रत शोधण्यात अर्थ आहे.

कॅसेट

कॅसेटच्या बाबतीत घाई करू नका. कमी खर्चाच्या कित्येक पिक्चरच्या निगेटिव्ह कुणी सांभाळल्या नाहीत, त्यामुळे तुमच्या हातातली कॅसेट हीच उरलेल्या थोड्या प्रतींपैकी एक असू शकते.

व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून बघा. काळ्या फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. थांबा. ती लावली तर बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सोलापूर कोरडं खरं, पण पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या कॅसेटी मी पांढऱ्या झालेल्या बघितल्यात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर त्यांचे प्लॅस्टिकचे भाग वाकतात. यंत्रमागाच्या घरातून आलेल्या कॅसेटीत कापसाचे तंतूही निघतात. ते फितीबरोबर आत ओढले गेले तर हेड बुजतं.

स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत कुठे सैल, कुठे घट्ट बसते. इथल्या विणकराला वेगळं सांगायला नको, ताण सारखा नसला तर काय होतं. चित्राचा वरचा भाग वाकतो तो बऱ्याचदा याच ताणामुळे. मग व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवा, पांढरा पट्टा खाली किंवा वर सरकून निघून जाईल. पूर्ण जात नसेल तर निदान तळाशी न्या. अगदी तळाची थरथरती किनार मात्र प्रत्येक व्हीएचएसमध्ये, म्हणजे या घरगुती कॅसेटीत, असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची.

सगळ्याच कॅसेटी कणकण दिसत असतील तर हेड मळलंय. व्हीसीआरच्या आतला गोल ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो, त्यावरची दोन हेडं आळीपाळीनं अर्धं-अर्धं चित्र वाचतात. चित्र आहे पण त्यात ओळीआड ओळ पांढरे कण भरलेत, असं दिसलं तर दोनपैकी एक हेड बुजलंय. प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा. साबराच्या कातड्याची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिलमध्ये भिजवा (७० टक्क्यांच्यात पाणी असतं, ते नको). पट्टी ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून फिरवा. पट्टी वरखाली कधीच घासायची नाही, हेडचा तुकडा तिथेच तुटतो. कानाची काडी नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या ड्रमला फीत चिकटते.

नकलेवरून नक्कल काढलेली कॅसेट असेल तर रंग फिके आणि कडा विरघळलेल्या राहणारच. मूळ व्हीएचएसमध्येच आडव्या दिशेनं २४० रेघांएवढा तपशील असतो, आणि प्रत्येक नकलेत तो घटत जातो.

हे सिनेमाचंच आहे, हात लावू नका

दिवसा निळी काच लावून काढलेली रात्र. ओठ आणि डबिंग न जुळणं. पाठलागात मधेच वेगळ्या रव्याचा, दुसऱ्या सिनेमातून उचललेला तुकडा. उभ्या हिरव्या-पांढऱ्या रेघा म्हणजे प्रिंट प्रोजेक्टरवर घासल्याच्या खुणा. उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका उमटतो आणि सात सेकंदांनी पुन्हा, तो रीळ बदलण्याचा इशारा. तो दिसला की समजा, ही प्रत निगेटिव्हवरून नव्हे, थिएटरात चाललेल्या प्रिंटवरून काढली आहे. प्रिंटमध्ये अंधारातला तपशील आधीच बुडालेला असतो, म्हणून रात्रीचा चिखल. ब्राइटनेस वाढवून काळ्याचं राखाडी होईल, माणूस दिसणार नाही.

संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेनं फोर-के करून देणारी सॉफ्टवेअर मी वापरून बघितली. नायकाच्या गालावरचा व्रण गेला आणि मागच्या गुंडांना एकसारखे डोळे आले. करायचंच असेल तर मूळ फाईल जशीच्या तशी वेगळी ठेवून मगच करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बुरशी लागलेली कॅसेट. तुटलेली किंवा व्हीसीआरनं गिळलेली फीत: ओढून काढू नका, यंत्रासकट घेऊन जा, आणि सेलोटेप तर लावूच नका, तिचा चिकटा हेडला लागतो. ड्रमची जुळणी, कडक झालेला रबरी रोलर, व्हीसीआरचा वीजपुरवठा, ज्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. जुन्या डब्बा टीव्हीचं मागचं झाकण तर उघडूच नका. रंगीत टीव्हीच्या नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात.

आणि कधी कॅसेटीऐवजी फिल्मची रिळंच हाती लागतात. अक्कलकोट रोडवरच्या एका बंद गोदामातून एक ताई पत्र्याचे चार डबे घेऊन आल्या होत्या. पहिलं झाकण उघडलं आणि व्हिनेगरचा आंबट वास आला. तो वास म्हणजे फिल्मचा पाया कुजायला लागलाय. अशी फिल्म आक्रसते, प्रोजेक्टरवर चढवली तर कडेची भोकं फाटतात, आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही तो रोग लागतो. मी रीळ उलगडलं नाही. झाकण ठेवलं, डबे पत्र्याच्या छपराखालून काढून घरातल्या सगळ्यात गार खोलीत, बाकीच्या सामानापासून वेगळे ठेवायला सांगितले, आणि पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा पत्ता लिहून दिला. ती संस्था १९६४ पासून हेच काम करते.